हिशेब मे महिन्यातल्या पाण्याचा

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्याची ओळख धरणांचा तालुका अशी सांगितली जाते आणि त्याच दमात ‘धरण उशाला, कोरड घशाला’ हेही ऐकवले जाते. १८९२ साली बांधून झालेले तानसा, नंतरचे मोडकसागर, भातसा आणि शहापूर-मोखाड्याच्या हद्दीवरचे मध्य वैतरणा या धरणांतूनच मुंबईचे बहुतेक पाणी जाते. शेजारच्या मुरबाडमध्ये बारवी धरणाचे बुडीत क्षेत्र पसरले आहे. ते पाणी एमआयडीसीचे, म्हणजे कारखान्यांचे आणि ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या शहरांचे. आजवर इथल्या पाण्याला किंमत होती. आता पाण्याच्या वरच्या पृष्ठभागालाही किंमत आली आहे, कारण त्यावर वीज तयार होऊ शकते.

२०१४ साली पूर्ण झालेल्या मध्य वैतरणा धरणासाठी मुंबई महापालिकेने २० मेगावॉट जलविद्युत आणि ८० मेगावॉट तरंगती सौरवीज असा जोडप्रकल्प आखला. असे काही ऐकले की लगेच दोन तट पडतात. एका तटाला ही फुकटची स्वच्छ वीज वाटते, दुसऱ्याला तळ्याचा गळा घोटणे. दोघांनीही आधी पॅनेलखालच्या पाण्यात काय घडते ते पाहायला हवे. त्यातला बराचसा भाग आपल्या धरणांची पातळी वर्षभरात कशी वरखाली होते यावर ठरतो.

पाण्यावर उभारतात तरी काय?

पॅनेल तेच, जे घराच्या छपरावर बसवतात. ती बसतात एचडीपीई या जाड प्लास्टिकच्या पोकळ तरफ्यांवर. तरफे एकमेकांना जोडून मोठा गट तयार होतो आणि अशा गटांचा मिळून प्रकल्प. प्रत्यक्ष आकडे पाहायचे तर तेलंगणातला रामगुंडमचा प्रकल्प घ्या. एनटीपीसीचा हा १०० मेगावॉटचा प्रकल्प १ जुलै २०२२ पासून पूर्ण क्षमतेने सुरू झाला. जलाशयाच्या ५०० एकरांवर तो पसरला आहे. त्याचे ४० गट आहेत आणि प्रत्येक गटात ११,२०० पॅनेल. इन्व्हर्टर, ट्रान्सफॉर्मर आणि ब्रेकर हेसुद्धा तिथे पाण्यावरच तरंगतात. तळाशी सोडलेल्या जड ठोकळ्यांना मजबूत दोर बांधून सगळे जागेवर धरून ठेवले आहे.

पाण्यावर नेण्याचे पहिले कारण जमीन. तेवढ्याच विजेसाठी जमिनीवर शेकडो एकर लागतात. शहापूर-मुरबाडमध्ये ही जागा शोधायला निघालात तर हात पडतो तो वरकस जमिनीवर, गुरचरणीवर नाहीतर जंगलावर. नाचणी-वरीची उतारावरची शेती आणि गुरांची कुरणे वाचतात, हा फायदा खराच आहे. दुसरे कारण उष्णता. पॅनेलचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की दर अंशामागे वीज साधारण ०.४ टक्क्याने घटते. मे महिन्यात छपरावरचे पॅनेल सहज ६० अंशांपर्यंत तापते, म्हणजे १४ टक्क्यांच्या आसपास वीज तिथेच गेली. पाण्यावर पॅनेल काही अंशांनी थंड राहते आणि थोडी वीज जास्त मिळते. मात्र वाऱ्याने उलटू नयेत म्हणून तिथे पॅनेल बरीच आडवी ठेवावी लागतात, त्यात थोडी घटही होते.

वरून खाली: ऊन, वारा, प्राणवायू

झाकलेल्या पाण्यात पहिला बदल उजेडाचा. पाण्यात तरंगणारी सूक्ष्म वनस्पती, म्हणजे वनस्पतिप्लवक, उजेडावर जगते. ती प्राणिप्लवकांचे अन्न, प्राणिप्लवक लहान माशांचे आणि लहान मासे मोठ्या माशांचे. उजेड कमी झाला की या साखळीची पहिलीच कडी अशक्त होते. जिथे खतांचे आणि सांडपाण्याचे पाणी उतरून तळे हिरवेगार पडते, तिथे हे औषधासारखे लागू पडू शकते, कारण शेवाळ आटोक्यात येते. आपली धरणे बरीचशी जंगलाच्या पाणलोटात आहेत. तिथे शेवाळाचा रोग कमी, म्हणून या औषधाचा उपयोगही कमी.

दुसरा बदल वाऱ्याचा. उन्हाळ्यात खोल जलाशयाचे थर पडतात: वर तापलेले हलके पाणी, खाली थंड आणि जड. वारा वरचा थर घुसळतो, हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळतो आणि काही प्रमाणात खाली जातो. तरंगते पॅनेल ऊन अडवते आणि वाराही. ऊन अडल्याने वरचे पाणी थंड राहते, म्हणजे थर सैल व्हायला मदत होते. वारा अडल्याने घुसळण कमी होते, म्हणजे थर घट्ट राहायला मदत होते. या दोन्हींत जास्त जोर कोणाचा, हे जलाशयाची खोली, वाऱ्याची दिशा आणि झाकलेला भाग यांवर ठरते. म्हणून एका तळ्याचा निष्कर्ष दुसऱ्याला जसाच्या तसा चिकटवता येत नाही.

तिसरा बदल या दोन्हींतून निघतो, प्राणवायूचा. ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो. रोहू-कटल्यासारख्या माशांना निदान पाच लागतो. तीनच्या खाली ते तगमगतात. तळाच्या गाळात कुजणारा पालापाचोळा प्राणवायू खातच असतो. वरून पुरवठा तुटला तर तळाचे पाणी प्राणवायूविना राहते आणि गाळातले लोह, मँगनीज, फॉस्फरस पाण्यात सुटू लागतात. कुजक्या अंड्याचा वास येतो, मिथेन तयार होतो. पिण्याच्या पाण्याच्या धरणात ही गोष्ट माशांपुरती राहत नाही. शुद्धीकरण केंद्राचा खर्च आणि नळाच्या पाण्याचा रंगही त्यात येतो.

किती झाकले तर हे घडते? अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रायोगिक तळ्यांचा ७० टक्के पृष्ठभाग तरंगत्या पॅनेलांनी झाकून पाहिला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार झाकलेल्या तळ्यांतून निघणारे हरितगृह वायू सुमारे २७ टक्क्यांनी वाढले आणि विरघळलेला प्राणवायू घटला. ती लहान, उथळ तळी होती आणि ७० टक्के हे फार मोठे प्रमाण आहे. मोठ्या जलाशयाचा थोडाच भाग झाकला तर परिणाम सौम्य राहावेत, अशी अपेक्षा यातून ठेवता येते. आपल्या धरणांबाबत प्रश्न असा की तो ‘थोडाच भाग’ मोजायचा कोणत्या महिन्यात?

ऑगस्टचे धरण आणि मेचे धरण

मुंबईला पाणी देणाऱ्या धरणांच्या रोजच्या तक्त्यात दोन पातळ्या असतात: भरून वाहण्याची आणि पाणी उपसता येईल अशी सर्वांत खालची. तानसाच्या या पातळ्या समुद्रसपाटीपासून १२८.६३ आणि ११८.८७ मीटर, म्हणजे फरक १० मीटरांहून थोडा कमी. भातसाच्या १४२.०७ आणि १०४.९०, फरक ३७ मीटरांचा. मध्य वैतरणेच्या २८५ आणि २२०. तिथे फरक तब्बल ६५ मीटर, म्हणजे वीसेक मजली इमारतीएवढा. ऑगस्टमध्ये तुडुंब दिसणारे धरण आणि मेच्या शेवटी दरीच्या तळाशी उरलेले पाणी, नावाला एकच जलाशय.

सह्याद्रीच्या दऱ्या वर रुंद आणि खाली अरुंद. पाणी उतरते तसा नुसता साठा घटत नाही, पृष्ठभागही आक्रसतो. समजा, भरल्या धरणाचा पसारा ८०० हेक्टर आहे आणि त्यावर ८० हेक्टरांचा प्रकल्प आहे. अहवालात लिहिले जाईल, ‘फक्त १० टक्के पृष्ठभाग व्यापला जाईल’. मेमध्ये पसारा २०० हेक्टरांवर आला की तेच ८० हेक्टर ४० टक्के होतात. पाणी कमी आणि तापलेले, मासे दाटीवाटीने कोंडलेले आणि झाकण सर्वांत मोठे, हे सगळे एकाच महिन्यात जुळून येते.

त्यात अडचण अशी की प्रकल्प हलवायला जागा नसते. पाणी ओसरल्यावर काठालगतचे तरफे उतारावर टेकतील, वाकतील, मोडतील. म्हणून ते बांधावे लागतात सर्वांत खोल भागावर, जिथे मेमध्येही पाणी राहते. धरणाच्या भिंतीपासून, सांडव्यापासून आणि पाणी उचलण्याच्या मनोऱ्यापासून अंतर राखून जो खोल पट्टा उरतो, तोच अभियंत्याला सोयीचा आणि तोच माशांचा शेवटचा आसरा. पातळी ६५ मीटर खाली गेली की नांगराचे दोर ढिले पडतात आणि अख्खा गट भरकटू शकतो. त्यासाठी दोर आवळणारी-सोडणारी यंत्रणा लागते आणि ती वर्षानुवर्षे चालती ठेवावी लागते. कारण धरणात पाणी सर्वांत कमी असतानाच, मे-जूनमध्ये, वळवाचे वादळ येते. जपानमधल्या यामाकुरा धरणावरचा १३.७ मेगावॉटचा तरंगता प्रकल्प सप्टेंबर २०१९ च्या फॅक्साई वादळात असाच उखडला. पॅनेल एकमेकांवर चढली आणि पेटली.

आपल्या धरणांची एक बाजू मात्र जमेची आहे. युरोपातल्या जुन्या नैसर्गिक सरोवरांत पाणी वर्षानुवर्षे साचून राहते. इथे जून ते सप्टेंबर लोंढ्याचे लोंढे येतात आणि धरण जवळजवळ नव्याने भरते. थर मोडतात, गढूळ पण प्राणवायूने भरलेले पाणी तळापर्यंत पोहोचते. साचलेले दोष पावसाळा दरवर्षी बऱ्याच अंशी धुऊन काढतो. काळजीचा काळ म्हणून ऑक्टोबर ते जून एवढाच, आणि त्यातही शेवटचे दोन महिने.

वलगण आणि जाळे

पहिला मोठा पाऊस पडून ओढे खळाळले की मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि ओहोळांत, भातखाचरांत अंडी घालतात. ठाणे-रायगडात ही वलगण. शिवडे, मळे, खवल्या मिळण्याचे हे दिवस. धरणाच्या फुगवट्याला मिळणाऱ्या ओढ्यांत चढणारा मासा मेचा तोच आक्रसलेला डोह जगून काढून आलेला असतो. तिथे प्राणवायू कमी पडला तर मेलेले मासे तरंगताना दिसतीलच असे नाही. जूनमध्ये ओढ्याला मासा कमी चढेल आणि लोक म्हणतील, यंदा वलगण लागलीच नाही. जलाशयाच्या पाहणीत ओढ्यांची नोंद नसेल तर हा परिणाम कागदावर कधीच येणार नाही.

मासेमारी करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. पॅनेलखाली सावलीला मासे गोळा होतात हे खरे, पण तिथे जाळे टाकता येत नाही; दोर, केबल आणि विजेचा धोका असतो. मासा वाढला तरी तो हाताला लागत नाही. पैठणच्या जायकवाडी जलाशयावरच्या तरंगत्या प्रकल्पाला याच कारणाने विरोध झाला. तिथल्या कहार समाज पंच कमिटीने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. लवादाने २०२४ मध्ये अर्ज फेटाळला आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करायला नकार दिला. जिथे मासेमारीचा ठेका किंवा परंपरागत वहिवाट आहे, तिथे कोणता पट्टा मोकळा राहणार हे नकाशावर आधी ठरवून घेतलेले बरे, हा त्यातला धडा.

बाकीचे परिणाम लहान, पण नोंद घेण्यासारखे आहेत. पाणकावळे आणि बगळे पॅनेलांवर बसतात आणि त्यांच्या विष्ठेने वीज घटते; ती धुताना साबण किंवा रसायन पिण्याच्या पाण्यात जाता कामा नये. पॅनेलवरून परावर्तित होणारा प्रकाश काही पाणकीटकांना पाण्यासारखाच भासतो आणि ते काचेवर अंडी घालतात. तरफ्यांचे प्लास्टिक पंचवीस वर्षे उन्हात राहणार, म्हणून ते पिण्याच्या पाण्यासाठी तपासलेले हवे. आणि वीज काठावर आली की पुढे उच्चदाबाची वाहिनी जंगलातूनच जाते. तानसा अभयारण्य तर तलावाच्या चोहोबाजूंनी आहे. तिथे पाण्यावर वाचवलेली जमीन वाहिनीखालच्या झाडतोडीत किती गेली, हा जमाखर्च मांडायलाच हवा.

वाचलेले पाणी मोजायचे कसे?

तरंगत्या पॅनेलांचा सर्वांत मोठा फायदा म्हणून बाष्पीभवनाकडे बोट दाखवले जाते. ते मोजण्याचे साधन साधे आहे. हवामान केंद्राच्या आवारात १२२ सेंटिमीटर व्यासाचे, सुमारे २५ सेंटिमीटर खोल, गोल पसरट पात्र लाकडी चौकटीवर ठेवलेले असते. पक्षी पाणी पिऊ नयेत म्हणून त्यावर जाळी असते. रोज सकाळी पाणी किती उतरले ते मिलिमीटरमध्ये टिपतात. पात्राचा पत्रा तापतो म्हणून त्यातले पाणी तलावापेक्षा लवकर उडते. त्यासाठी आलेल्या आकड्याला साधारण ०.७ ने गुणतात. मेच्या एखाद्या दिवशी पात्रात ८ मिलिमीटर उतरले तर तलावावरून साडेपाचच्या वर गेले असे धरायचे. एक हेक्टरवरून एक मिलिमीटर पाणी उडाले म्हणजे १०,००० लिटर, अर्थात पाड्यावर येणारा एक मोठा टँकर. त्या दिवशी दर हेक्टरवरून पाच टँकर हवेत गेले.

रामगुंडमच्या प्रकल्पामुळे वर्षाला ३२.५ लाख घनमीटर पाणी वाचते, असे सरकारी माहितीत आहे. हा आकडा ५०० एकरांवर पसरला की सुमारे १.६ मीटर उंचीचा थर होतो. म्हणजे प्रकल्पाच्या पूर्ण क्षेत्रावरून जवळपास काहीच उडत नाही असे गृहीत धरल्यासारखे आहे. प्रत्यक्षात गटांमध्ये फटी असतात, वारा खेळतो, त्यामुळे बचत कमी भरते. शिवाय ठाण्याकडे पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते. म्हणून आपल्यासाठी एक मीटरच धरू. रामगुंडमच्या प्रमाणात ८० मेगावॉटला ४०० एकर, म्हणजे सुमारे १६० हेक्टर लागतील. त्यावर एक मीटर म्हणजे १६ लाख घनमीटर. १६० कोटी लिटर.

मुंबईला रोज ३९० कोटी लिटरांच्या आसपास पाणी पुरवले जाते. तिच्या हिशेबात वर्षभराची ही बचत दहा तासांत संपते. मध्य वैतरणेच्या १९,३५३ कोटी लिटर साठ्यात ती एक टक्काही भरत नाही. हेच पाणी जलजीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटर या मापाने वाटले तर सुमारे ८० हजार माणसांना वर्षभर पुरते. २०११ च्या जनगणनेत शहापूर तालुक्याची लोकसंख्या तीन लाख चौदा हजार होती. शहराला न जाणवणारी बचत तालुक्यातल्या दर चार माणसांतल्या एकाचा पाण्याचा प्रश्न सोडवू शकते, निदान कागदावर.

कागदावर म्हणायचे कारण, वाचलेले पाणी आपोआप पाड्यावर चढत नाही. मध्य वैतरणेचे पाणी नदीने मोडकसागरात आणि तिथून जलवाहिन्यांनी मुंबईला जाते. पाडे असतात वर, उतारांवर, आणि पाणी खाली दरीत. पण चढवायला वीज किती लागेल? एक घनमीटर पाणी १०० मीटर उचलायला, पंपाची गळती-घट धरून, साधारण ०.४५ युनिट. ८० हजार माणसांचे रोजचे पाणी ४,४०० घनमीटर. त्याला सुमारे २,००० युनिट. ८० मेगावॉटचा प्रकल्प किलोवॉटमागे रोज चार युनिट या हिशेबाने ३ लाख २० हजार युनिट देईल. म्हणजे शंभर युनिटांतले एक युनिटही पुरे. पाइप, पंप आणि टाक्यांचा खर्च निराळा, पण विजेची सबब इथे उरत नाही.

ग्रामसभेने काय मागावे?

सौरप्रकल्पांना पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेखाली पूर्वपरवानगी लागत नाही. वनजमिनीची परवानगी वेगळी. पाण्यात काय बदलेल याचा अभ्यास सक्तीचा नाही. शहापूर तालुका पेसा क्षेत्रात, म्हणजे ग्रामसभांना विशेष अधिकार देणाऱ्या कायद्याखाली येतो, मुरबाडमधलीही काही गावे येतात. अभ्यास कायद्याने होणार नसेल तर तो मागून घ्यावा लागेल आणि मागण्या नेमक्या हव्यात.

पहिली, जलाशयाचा पातळी, क्षेत्र आणि साठा दाखवणारा तक्ता. प्रत्येक धरणाचा असा तक्ता जलसंपदा विभाग किंवा धरणाचा मालक ठेवतो. त्यावरून मेअखेरच्या पसाऱ्यावर किती टक्के झाकले जाणार हे पाच मिनिटांत निघते, आणि परवानगीची मर्यादा त्या आकड्यावर ठरावी.

दुसरी, पॅनेल येण्याआधीची किमान दोन उन्हाळ्यांची मोजणी: पहाटे, वेगवेगळ्या खोलीवर, प्राणवायू आणि तापमान. पहाटे अशासाठी की रात्रभर प्रकाशसंश्लेषण बंद असल्याने प्राणवायू तेव्हा सर्वांत कमी असतो. दुपारची मोजणी नेहमीच गोड निघते. पाण्याची पारदर्शकता तर आश्रमशाळेची मुलेही मोजू शकतात. २० सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी तबकडी दोरीने सोडायची, दिसेनाशी झाली की दोरी मोजायची.

तिसरी, प्रकल्प सुरू झाल्यावर पॅनेलखाली आणि मोकळ्या पाण्यात तीच मोजणी दर महिन्याला, आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर. ठरलेल्या पातळीखाली प्राणवायू गेला तर काही गट काढण्याची अट करारातच हवी.

चौथी, वाचलेल्या पाण्यात आणि तयार झालेल्या विजेत तालुक्याचा लेखी वाटा. पॅनेल पाण्याचे काही बिघडवतील की नाही, याचे उत्तर पहिल्या तीन मागण्यांतून मिळेल. शेजारच्या पाड्याचे त्यातून काही भले होईल की नाही, हे चौथीवर ठरेल, आणि तिच्यासाठी कुठल्याही प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही.